दिवा मोठा की चित्र लहान?

मैत्रिणींनो, घरात उजेड कमी पडायला लागला की आपण पहिल्यांदा काय करतो? दिवा बदलतो. पूर्वी चाळीसचा काढून साठचा लावायचो, आता नवाचा काढून बाराचा लावतो. ओट्यावर सावली पडते, मुलांच्या टेबलाशी अंधार वाटतो, जिन्यात दिसत नाही. उपाय एकच, जास्त वॅटचा दिवा! एरवी तो बरोबरही असतो. पण एक यंत्र असं आहे की तिथे हा उपाय फार जपून करावा लागतो, आणि कित्येकदा न केलेलाच बरा. ते यंत्र म्हणजे घरी सिनेमा दाखवायचा जुना प्रोजेक्टर. तुमच्यापैकी एखादीच्या माळ्यावर तो गुंडाळून ठेवलेला असेल, म्हणून आमच्या घरचा सारा खटाटोप सांगते. मी बी.ए. झाले ती मराठी घेऊन, आणि शाळेत अर्धवेळ शिकवते तेही मराठीच. तेव्हा यात मला कळलं ते कुणालाही कळेल, याची खात्री बाळगा.

आमचा प्रोजेक्टर ऑस्ट्रियन बनावटीचा. माझे चुलतसासरे डॉक्टर. ते इंग्लंडला स्थायिक झाले होते. १९७५ च्या डिसेंबरात रजेवर मिरजेला आले तेव्हा हा प्रोजेक्टर आणि छोटा कॅमेरा घेऊन आले, आणि जाताना प्रोजेक्टर मामंजींना देऊन गेले. कोडॅक कंपनीनं घरगुती चित्रीकरणासाठी ८ मिलिमीटरची फिल्म १९३२ साली काढली आणि १९६५ मध्ये तिचीच सुधारलेली ‘सुपर एट’ आणली. आमची रिळं या दुसऱ्या जातीची. एक छोटं रीळ ५० फुटांचं असतं आणि ते तीन मिनिटं वीस सेकंदांत संपतं. आपल्या करंगळीच्या नखापेक्षाही लहान चौकट! एका फुटात अशा ७२ चौकटी, आणि सेकंदाला १८ चौकटी दिव्यासमोरून सरकतात, तेव्हा भिंतीवर माणसं चालायला लागतात.

आमच्याकडे अशी सात रिळं आहेत. त्यातल्या एका रिळात माझी थोरली नणंद आहे. मी तिला कधी पाहिलं नाही, यांनीही नाही. १९७६ च्या पावसाळ्यात चार दिवसांच्या तापानं ती गेली तेव्हा चार वर्षांची होती. हे त्यानंतर कितीतरी वर्षांनी झाले. तिचा घरात एकच फोटो आहे, तोही बारशाचा. पण चुलतसासऱ्यांनी मिरजेच्या स्टेशनात पंढरपूरच्या नॅरोगेजच्या गाडीचं चित्रीकरण केलं, त्यात ती मामंजींचं बोट धरून उभी आहे, गाडीला हात करते आणि मग वळून कॅमेऱ्याकडे बघते. सगळं मिळून अकरा सेकंद. गुणाकार करून बघा, १९८ चौकटी. फिल्मची लांबी मोजली तर पावणेतीन फूट. एवढंच काय ते तिचं चालतंबोलतं शिल्लक आहे, आणि बोलतं तरी कुठलं, ती फिल्म मुकीच आहे.

सासूबाईंना आम्ही सगळे आईच म्हणतो. आईंना आता ऐंशीच्या आसपास वय आलं. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे. मोतीबिंदूसारखं हे ऑपरेशननं सुटणारं दुखणं नाही, आणि चष्म्याचा नंबर वाढवूनही उपयोग नाही. समोर बघितलं की मध्ये डाग दिसतो, कडेचं मात्र दिसतं. म्हणून त्या माणसाकडे बघताना तोंड जरा वाकडं करून बघतात. डॉक्टरांनी सांगितलं, ‘यांना भरपूर उजेड द्या आणि वस्तू मोठी करून दाखवा.’

गेल्या वर्षी आईंनी आपणहून रीळ बघायची इच्छा सांगितली. मामंजी गेल्यापासून यंत्र बंदच होतं. यांनी माळ्यावरून काढलं, पुसलं. रबरी पट्टा विरघळून डांबरासारखा झाला होता, तो बदलून आणला. नातेवाइकांच्या मुंजीचं एक रीळ लावून पाहिलं. मोटर चालली, भिंतीवर चित्रही आलं, पण आई म्हणाल्या, “नुसतं करडं करडं हलतंय गं. उजेड नाही.”

तेव्हा उजेड वाढवायचं ठरलं.

यांनी मुंबईला लॅमिंग्टन रोडवर एका दुकानात चौकशी केली. आमच्या यंत्राच्या दिव्याच्या खणात पट्टी आहे, तिच्यावर १२ व्होल्ट, ७५ वॅट असं लिहिलंय. दुकानदार म्हणाला, “साहेब, १०० वॅटचा घेऊन जा. व्होल्ट तेच, पिना त्याच, आरसा तेवढाच. बसतो.” आणि खरोखरच तो बसतो. इथेच तर गंमत आहे! साडी आपल्या मापाची नसेल तर नेसता क्षणी कळतं. दिव्याचं तसं नाही. तो जागेत नीट बसतो, लागतो, लखलखीत दिसतो, आणि नुकसान मागाहून कळतं.

आमच्या गल्लीत एक काका राहतात. त्यांनी तीस वर्षं टॉकीजमध्ये ऑपरेटर म्हणून काम केलं. त्यांचा नातू माझ्या वर्गात होता, म्हणून ते मला ‘बाई’ म्हणतात. त्यांना बोलावलं. त्यांनी आधी फिल्म नाकाशी नेली. मला वाटलं, हे काय? तर म्हणाले, “आंबट वास येतोय का बघतोय, बाई. शिरक्यासारखा वास आला की समजायचं, फिल्म आतून नासायला लागली. अशी फिल्म आक्रसते आणि दात्यांवर फाटते. तुमची चांगली आहे.”

मग १०० वॅटच्या दिव्याविषयी विचारलं. त्यांनी कागदावर भागाकार करून दाखवला. ७५ ला १२ नं भागलं की सव्वासहा अ‍ॅम्पिअर. १०० ला भागलं की आठच्या वर. म्हणजे पन्नास वर्षांच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरनं एक तृतीयांश जास्त ओझं ओढायचं. तो तापतो, आतलं वेष्टण करपतं, आणि एक दिवस यंत्र कायमचं बसतं. हे झालं यंत्राचं. फिल्मचं त्याहून वाईट. दिव्याच्या उजेडाबरोबर उष्णताही त्या नखाएवढ्या चौकटीवर गोळा होऊन पडते. फिल्म पळत असते तोवर एकेक चौकट सेकंदाच्या अठराव्या हिश्शापुरतीच तिथे असते, म्हणून वाचते. तवा तापलेला असला तरी बोट पटकन लावून काढलं तर भाजत नाही, तसं. पण फिल्म थांबली, की तीच चौकट भाजते. घरगुती फिल्म पेट घेणारी नसते, ती ‘सेफ्टी’ जातीची. पण ती वितळते. मध्यभागी तपकिरी फोड येतो, पसरतो आणि भोक पडतं.

“आमच्याकडे टॉकीजला रीळ अडकलं की पहिल्यांदा दिव्यापुढचं झाकण पाडायचं, मग बाकीचं बघायचं,” काका म्हणाले. “घरच्या यंत्राला लोक मुद्दाम थांबवतात. आणि थांबवतात कुठे? जो चेहरा बघायचा असतो, तिथेच!”

मैत्रिणींनो, हे ऐकून मी गप्पच झाले. कारण त्या मुंजीच्या रिळात असा एक डाग आहे. मातृभोजनाच्या जागी, बटूच्या आजीच्या तोंडावर. आईंना आठवत होतं. एका दिवाळीत घरचे सगळे जमले होते, आजी नुकत्याच गेल्या होत्या, आणि चित्र आल्यावर पंधरा जण एकदम ‘थांबवा, थांबवा’ म्हणून ओरडले होते. कुणाचं काय चुकलं सांगा! प्रेमानंच थांबवायला सांगितलं होतं. आमच्या रिळातही ती पोर वळून बघते त्या ठिकाणी कोण ‘थांबवा’ म्हणणार नाही? म्हणजे दिवा जितका प्रखर, तितका धोका नेमका त्याच चौकटीला.

माझा पुतण्या इंजिनीअरिंगला आहे. त्यानं वेगळीच सूचना केली. “काकू, जुना दिवा काढूनच टाकू. एलईडी बसवू. तो फिल्मला भाजत नाही, वीज कमी खातो, वर्षानुवर्षं टिकतो.” त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. बरेच हौशी लोक आता असं करतात. पण माहिती काढता काढता त्यातल्या खाचाखोचा त्याच्याच लक्षात आल्या. एलईडी नुसता प्रखर असून चालत नाही, त्याचा उजेड देणारा ठिपका लहान हवा, नाहीतर भिंगातून तो त्या एवढ्याशा खिडकीत मावत नाही आणि निम्मा उजेड आजूबाजूला सांडतो. त्याला घरच्या ट्रान्सफॉर्मरची उलटसुलट वीज चालत नाही, एका दिशेची आणि ठराविक प्रमाणातली लागते, म्हणजे वेगळा ड्रायव्हर आला. एलईडी समोर उष्णता फेकत नसला तरी स्वतः पाठीमागून तापतो, त्याला अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा जोडावा लागतो. आणि स्वस्तातला घेतला तर लाल रंग मळकट दिसतो. लग्नातले शालू विटकरी दिसायला लागतात! शिवाय हे सगळं करायचं तर यंत्राचं आतलं वायरिंग कापायला लागणार. पुतण्याला म्हटलं, “बाबा रे, बाजारातून एखादं मोडकं यंत्र आण आणि त्याच्यावर हात साफ कर. नीट जमलं तर मग आपल्याकडे बघू.” तो सध्या त्याच खटपटीत आहे.

मग आईंना उजेड कसा मिळाला? ऐका.

काकांनी पहिल्यांदा मीटर लावून आमच्या घरचं व्होल्टेज मोजलं. संध्याकाळी सात वाजता ते २०५ होतं. आणि यंत्राच्या मागची कळ होती २४० वर! इंग्लंडची वीज तेवढ्या दाबाची, तिथून आलं तसंच यंत्र वर्षानुवर्षं चाललं. व्होल्टेज थोडं कमी झालं की दिव्याचा उजेड थोडा नाही, खूपच उतरतो. शंभरातले पंधरा व्होल्ट कमी झाले तर उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो. काकांनी कळ २२० वर आणली, पण बजावलं, “दर वेळी मोजूनच ठेवा. दाब वाढला तर दिवा लवकर जाईल. शंभरातले पाच व्होल्ट जास्त झाले तरी आयुष्य निम्मं होतं.”

दुसरं, साफसफाई. ती तर आपली विद्या! दिव्यामागचा आरसा, पुढचं भिंग आणि मग चित्र टाकणारं भिंग, तिन्हींवर धुरकट थर होता. मऊ सुती कापडानं, यंत्र पूर्ण गार असताना, मी ते हलक्या हातानं पुसलं. फिल्म जिथून सरकते त्या फटीला ‘गेट’ म्हणतात. तिथे वर्षांची घाण चिकटून खडे झाले होते. ते दात कोरायच्या लाकडी काडीनं काढले. तिथे हेअरपिन किंवा सुई अजिबात लावू नका. एक ओरखडा पडला तर पुढच्या प्रत्येक फिल्मवर उभी रेघ उमटते.

तिसरं, दिवा नवा घेतला, पण ७५ वॅटचाच. जुन्याची काच आणि आरसा दोन्ही थकले होते. हा दिवा हॅलोजनचा असतो, त्याच्या काचेला उघडं बोट लावायचं नाही. बोटाचा तेलकटपणा तापून तिथे काच खराब होते. कागदात धरून बसवायचा, चुकून बोट लागलंच तर स्पिरिटनं पुसायचा.

आणि चौथं, ज्यानं सगळ्यात जास्त फरक पडला आणि ज्याला एक पैसा लागला नाही. काका म्हणाले, “बाई, चित्र केवढं टाकता?” यांनी मोजलं, भिंतीवर साडेचार फूट रुंद. “निम्मं करा.”

आता बघा हं. उजेड तेवढाच, पण तो पूर्वी साडेचार फूट रुंद चित्रावर पसरत होता. रुंदी निम्मी केली की उंचीही निम्मी होते, म्हणजे जागा चौथाई झाली. तेवढाच उजेड चौथाई जागेत! एक वाटी तूप चार पोळ्यांना लावायचं की एकीला, इतका साधा हिशेब. १०० वॅटच्या दिव्यानं फार तर सव्वापट-दीडपट उजेड झाला असता, जोखमीसकट. इथे चौपट झाला, फुकट. त्यासाठी यंत्र भिंतीपासून बारा-साडेबारा फुटांवर होतं ते सव्वासहा फुटांवर आणलं, झालं.

‘पण लहान चित्र आजींना दिसणार कसं?’ असं तुम्ही विचाराल. आईंची खुर्ची पूर्वी सगळ्यांबरोबर नऊ-दहा फुटांवर असायची, ती तीन फुटांवर आणली. जवळून बघितलं की लहान चित्रही डोळ्याला मोठंच भरतं. उजेडाच्या झोताच्या आड येऊ नये म्हणून खुर्ची एका बाजूला ठेवावी लागली. ते त्यांच्या पथ्यावरच पडलं, त्यांना तसंही कडेनंच बघायचं होतं. पडद्याला मी शाळेतली पांढरी कार्डशीट घेतली. २२ बाय २८ इंचांची असते ती. २७ इंच रुंद चित्र तिच्यात जसं काही मापून बसलं. चादरीतून उजेड आरपार जातो, पिवळसर भिंत उजेड खाते. कार्डशीट दोन्ही करत नाही.

यांचं म्हणणं होतं की आधी रीळ पुण्याला पाठवून त्याची संगणकावर प्रत करून घ्यावी. तेच शहाणपणाचं. प्रत करताना फिल्म थंड उजेडात एकेक चौकट पुढे सरकवून टिपतात, तिला इजा होत नाही. पण आई ऐकेनात. “कुरिअरनं पाठवायची? हरवली म्हणजे?” त्यांच्यापुढे कुणाचं चालणार? तेव्हा काकांनी आधी दुसरी दोन रिळं चालवून यंत्राची परीक्षा घेतली, प्रत्येक वेळी फिल्मला ओरखडा नाही ना ते भिंगानं तपासलं, आणि मगच ते रीळ लावलं. लावण्याआधी मी सगळ्यांना सांगितलं, कुणीही ‘थांबवा’ म्हणायचं नाही.

खोली काळोखी केली आणि दहा-पंधरा मिनिटं नुसते बसलो. डोळे अंधाराला सरावले की तोच उजेड जास्त वाटतो, म्हाताऱ्या माणसांना तर जरा जास्तच वेळ द्यावा लागतो. यंत्र सुरू झालं. गाडी आली, धूर आला, मामंजी आले, इतके तरुण की यांना ओळखायला क्षणभर लागला. आणि ती आली. हात केला, वळली, बघितलं. गेली.

कुणी बोललं नाही. रीळ संपून पांढरा उजेड कार्डशीटवर पडला तेव्हा आई म्हणाल्या, “फ्रॉक पिवळा होता. मी इतकी वर्षं निळा समजत होते.” आणि थोड्या वेळानं, “परत लाव रे.” काकांनी परत लावलं. तीनदा लावलं. दर वेळी यंत्राला मध्ये गार होऊ दिलं.

त्या रात्री जेवताना आई आपणहून बोलत होत्या. तो फ्रॉक कुणी शिवला, पोर गाडीला ‘छुकली’ म्हणायची, स्टेशनवरून परतताना टांग्यात झोपून गेली होती. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण यातलं मी काहीच ऐकलं नव्हतं. मी पेन्सिल घेऊन वहीत लिहून काढलं. दुसऱ्या आठवड्यात आईच यांना म्हणाल्या, “तू स्वतः घेऊन जाणार असशील तर ने पुण्याला.” हे डबा मांडीवर घेऊन गाडीनं गेले आणि तसेच घेऊन आले. आता प्रत घरात आहे, भावंडांनाही दिली आहे. टीव्हीवर लावली की हवं तिथे थांबवता येतं, भाजायची भीती नाही. आई कधी टीव्हीवर बघतात, कधी म्हणतात, “ते खटखटणारं लाव.”

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्याकडे असं यंत्र असेल तर क्रम लक्षात ठेवा. आधी फिल्मचा वास घ्या. आंबट असेल तर यंत्रावर चढवूच नका, सरळ प्रत करायला द्या. शक्य असेल तर चांगली फिल्मही आधी प्रत करून मगच चालवा. खणातल्या पट्टीवर असतील तेवढेच व्होल्ट आणि तेवढेच वॅट घ्या, दुकानदार कितीही ‘बसतो’ म्हणाला तरी. पाठीमागची व्होल्टेजची कळ बघा. पंख्याची जाळी कापडानं झाकू नका. भिंगं पुसा, चित्र लहान करा, पांढरा कागद लावा, म्हातारं माणूस जवळ बसवा. रिळं कोरड्या, गार कपाटात ठेवा. माळ्यावर पत्र्याखाली ती उन्हाळ्यात भाजतात. आणि डब्यावर कोण कोण आहे ते पेन्सिलीनं लिहून ठेवा. ओळखणारी माणसं घरात आहेत तोवर हे काम उरकून घ्या. येत्या रविवारीच माळ्यावर चढा ना!